मिनीचं चेक-आऊट

आमच्या घरात संडासला जाण्याला 'चेक-आऊट' म्हणतात.

हा शब्द माझा. मी दुबईतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे, आणि मिनी दोन वर्षांची असताना मी हा शोध लावला. हेतू उदात्त होता. मुलीची खासगी गोष्ट चारचौघांत विचारता यावी आणि कोणाला काही कळू नये! लिफ्टमध्ये, बसमध्ये, चर्चच्या आवारात मी बिनधास्त विचारायचो, "मिनी, चेक-आऊट?" आणि ती म्हणायची, "डन, पपा." शब्द उत्तम होता. त्यात एकच खोट होती. समोरच्या माणसाने नुसती भुवई वर केली की मी त्याला लगेच अर्थ समजावून सांगायचो.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची. मिनी तेव्हा सहा वर्षांची. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून माझी बायको फिलू दहा दिवसांसाठी वसईला गेली. एअरपोर्टवर तिने माझ्या हातात दोन पानी यादी ठेवली.

"अगं, मी तीनशे खोल्यांचं हॉटेल सांभाळतो," मी म्हटलं. "एक पोरगी सांभाळता येणार नाही मला?"

"हॉटेलात तुझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत," फिलू म्हणाली. "आणि तिला भाजी लागते, रॉबी. भाजी. चिप्स नव्हे."

ती यादी पहिल्याच दिवशी पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेली आणि स्वच्छ होऊन बाहेर आली. एक अक्षर शिल्लक नव्हतं. मग मी अंगच्या अकलेने कारभार सुरू केला. सकाळी दूध-कॉर्नफ्लेक्स. डब्यात चीज सँडविच. करामा भागात आमच्या बिल्डिंगखालीच कॅफेटेरिया आहे, तिथून रात्री पराठा, त्यात चीज, त्यात चिप्स चुरून घातलेले. वर एक ग्लास दूध. (भाजी म्हणून केचप. टोमॅटोचं असतं ना!) मिनी खूश, मी खूश. फिलूचा फोन आला की मी सांगायचो, "एव्हरीथिंग अंडर कंट्रोल."

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की 'डन, पपा' हे शब्द बऱ्याच दिवसांत कानावर पडलेले नाहीत.

मी तिला नेऊन बसवलं आणि दाराबाहेर उभा राहिलो.

"मिनी, झालं?"

"नो."

"आता?"

"पपा, गो अवे."

"मी कुठे जात नाही, बाळा. इथेच आहे. दारालाच टेकून आहे."

मी तिला धीर यावा म्हणून म्हटलं, "होऊ दे गं एकदाचं! झालं ना, की आपण सगळ्यांना पेढे वाटू. हॉटेलात, चर्चमध्ये, सगळ्या बिल्डिंगला!"

आत एकदम शांतता पसरली. मला वाटलं, पोरगी मन लावून प्रयत्न करतेय.

दुपारी ड्यूटीवर असताना राहवेना. मिनी शाळेतून आली की मी येईपर्यंत समोरच्या फ्लॅटमधल्या माहीन खानमकडे असते. खानम म्हणजे सत्तरीच्या इराणी बाई. मूळच्या शिराझच्या, पण दुबईत चाळीस वर्षं काढलेली. देरा भागात त्यांच्या नवऱ्याचं सुक्या मेव्याचं दुकान होतं आणि तिथल्या गिऱ्हाइकांकडून त्या हिंदी शिकल्या होत्या. नवरा गेला, मुलगा कॅनडात. त्यांचा मिनीवर फार जीव. मी रिसेप्शनवरूनच त्यांना फोन लावला आणि ओरडलो (खानमना कमी ऐकू येतं, निदान माझी तशी समजूत होती), "खानम, चार दिन हो गया! चेक-आऊट नहीं हुआ!"

शेजारी लिझा नावाची फिलिपिनो मुलगी ड्यूटीला होती. तिने घाईघाईने कॉम्प्युटर उघडला. "सर, विच रूम? शाल आय कॉल सिक्युरिटी?"

आता सिक्युरिटी आली असती तर माझी पंचाईत झाली असती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. लिझाने हळहळून ते हाऊसकीपिंगला सांगितलं. संध्याकाळी निघताना लाँड्रीतला साताऱ्याचा जाधव इस्त्री थांबवून म्हणाला, "साहेब, बेबीचं मोकळं झालं का?"

मला खरं तर भरून आलं. परक्या देशात माणसं किती आपुलकीने विचारतात! मी तिथेच आमच्या चर्चच्या गायक मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला: मिनीसाठी प्रार्थना करा. लगेच बावतीस अंकलचा फोन. अंकल आमचे कीबोर्डवाले, वजन शंभर किलो, काळीज लोण्याचं. "काय झालं रे पोरीला?" मी सांगितलं. ग्रेसी आंटीने ग्रुपवर जोडलेले हात पाठवले आणि खाली लिहिलं, 'एरंडेल द्या.' पुढच्या भेटीत तिने मिनीची हनुवटी धरली. "काय गं बाय, अजून नाही?"

मिनीने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. गेस्टची नाराजी मी वीस फुटांवरून ओळखतो, पगारच त्याचा मिळतो मला. घरातली मात्र नाकासमोर असून दिसली नाही.

तसं मी तिला डॉक्टरकडेही नेलं होतं. डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. पाणी, फळं, भाज्या वाढवा, दूध कमी करा, जेवणानंतर थोडा वेळ शांतपणे बसवा आणि तिच्या मागे लागू नका. पोट दुखलं किंवा उलटी झाली तर लगेच या. बस्स! औषध नाही, इंजेक्शन नाही. दवाखान्यातून रिकाम्या हाताने बाहेर पडल्यावर मला उपचार झाल्यासारखंच वाटेना. म्हणून मी खानमचं दार वाजवलं.

खानमचे वडील शिराझला अत्तार होते, म्हणजे जडीबुटीवाले. त्यांनी मला बसवलं, काचेच्या छोट्या पेल्यात चहा दिला आणि आधी विचारलं, "डॉक्टर क्या बोला?" मी सांगितलं. "ठीक बोला," खानम म्हणाल्या. "अब तुम बताओ, बच्ची खाता क्या है?"

मी कॉर्नफ्लेक्सपासून केचपपर्यंत सगळं सांगितलं. खानमनी डोळे मिटून घेतले.

"सब ख़ुश्क," त्या म्हणाल्या. "सब सर्द. आगा रॉबर्ट, ये बच्ची है कि गोदाम है?" (आगा म्हणजे साहेब.)

मग कळलं की आमच्या आजीचं जे उष्ण-थंड होतं, तेच यांचं गरम-सर्द. प्रत्येकाचा मिजाज वेगळा, आणि मिनीचं पोट मी चार दिवसांत वाळवंट करून टाकलं होतं. खानमनी कपाटातून एक पुडी काढली. आत पिवळट, चिकट, साखरेसारखे दाणे. "तुरंजबीन. काँटे के झाड़ पे बनता है, क़ुदरत का मीठा. दो छोटा चम्मच, गुनगुने पानी में, छान के. दिन में एक बार. रात को दो आलूबुखारा भिगोना, सुबह वो देना. थोड़ा गुलकंद."

गुलकंद! हजार वर्षांच्या इराणी विद्येकडे मी मोठ्या आशेने आलो होतो आणि त्यांनी मला पानाच्या टपरीवरच आणून सोडलं होतं.

"और पेट पे बादाम का तेल, हल्का हाथ, घड़ी के जैसा गोल-गोल. और खाने के बाद दस मिनट बिठाना, पाँव के नीचे छोटा स्टूल. और सबसे बड़ा दवा..." खानमनी बोट वर केलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. जाधव होता. झालं का म्हणून विचारत होता. मी त्याला सगळी हकीकत सांगून फोन ठेवला, तोवर चहा गार झाला होता आणि सर्वांत मोठं औषध ऐकायचं राहून गेलं होतं.

राहू दे, म्हटलं. पुडी तर मिळाली.

घरी येऊन मी विचार केला. दोन छोटे चमचे? चार दिवसांचा तुंबारा, आणि दोन चमचे? मी अख्खी पुडी पातेल्यात ओतली. त्यात पंधरा आलुबुखार, मूठभर अंजीर, पाव बरणी गुलकंद. चांगलं उकळलं, गाळलं. चव घेऊन पाहायचं मनात आलं होतं, पण वास पाहून तो विचार सोडून दिला. वास लपावा म्हणून त्यात गुलाबाचं सरबत घातलं. लालबुंद काढा तयार झाला. रोज संध्याकाळी एक कप!

"पपा, इट स्मेल्स लाइक शूज."

"औषध आहे ते. संपव."

"कॅन आय ड्रिंक इट इन द किचन?"

"कुठेही पी."

ती कप घेऊन शहाण्यासारखी किचनमध्ये जायची आणि रिकामा कप घेऊन यायची. मला कोण अभिमान! मग तेल. मी हा भागही मनापासून केला. पण घड्याळ नेमकं कोणाचं, माझं की तिचं, याचा गोंधळ झाला. मी मिनीच्या जागी स्वतःला कल्पून उलटं फिरवत होतो. तिसऱ्या दिवशी खानम वाटीभर आश, म्हणजे त्यांचं घट्ट सूप, घेऊन आल्या आणि त्यांनी ते पाहिलं.

"अरे, क्या करता है!" त्या किंचाळल्या. "माल वापस ऊपर भेजता है?"

काढा चालूच होता. रोज सकाळ-संध्याकाळ मी दाराबाहेर उभा राहून विचारायचो, "झालं?" आणि आतून यायचं, "नो." पाच दिवस झाले, सहा, सात, आठ! मिनी खेळत होती, हसत होती, भरपूर जेवत होती. माझी मात्र झोप उडाली. एवढं सगळं जातंय कुठे? मी काढ्याची दुसरी खेप केली. जरा दाट.

नवव्या दिवशी चर्चमध्ये आमची मराठी मिस्सा, म्हणजे उपासना, होती. ती महिन्यातून एकदाच असते, आणि गायक मंडळाची जबाबदारी माझी. चर्चला आमचं घर जवळ म्हणून सराव आमच्याकडे दुपारी. आम्ही सहा जण जमलो. बाहेर बेचाळीस डिग्री. मी सगळ्यांना गुलाबाचं सरबत करायला घेतलं. सिरपची बाटली फ्रीजमधून काढली, तर जवळजवळ भरलेली. आठवड्यापूर्वी ती अर्धी होती, असं वाटत होतं. पण बायबलमध्ये एका विधवेची तेलाची कुपी कधी संपत नव्हती, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलेले. मी तिकडे फार लक्ष दिलं नाही. फक्त सिरप यावेळी पातळ निघालं होतं, म्हणून प्रत्येक ग्लासात तिप्पट ओतलं.

मिनी किचनच्या दारात उभी होती. "पपा..."

"नॉट नाऊ, बेबी. गेस्ट आहेत."

"बट पपा, दॅट बॉटल..."

"मिनी! म्हटलं ना?"

बावतीस अंकलनी तीन ग्लास घेतले. "वा! आंबटगोड आहे. कुठलं रे हे?"

"घरचंच आहे," मी म्हणालो. (एवढंसं श्रेय कोण सोडतं?) मी स्वतः दोन घेतले.

मिस्सेला सुरुवात झाली तेव्हा आम्ही असे काही गायलो, की फादरनी मान वळवून पाहिलं. तोपर्यंत ठीक होतं. प्रवचन चालू असताना बावतीस अंकलच्या कपाळावर, त्या गारढोण एसीत, घामाचे थेंब दिसले. ग्रेसी आंटी पुटपुटली, "फादर आज फारच लांबवतायत." मला वाटलं, भक्तिभाव कमी पडतोय. मी तिच्याकडे जरा रागानेच पाहिलं.

अर्पणाचं गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपता संपता अंकल कीबोर्डवरून उठले. शंभर किलोचा माणूस इतका अलगद उठलेला मी कधी पाहिला नव्हता. जाताना ते ताल बंद करायला विसरले, त्यामुळे कीबोर्ड आपला एकटाच 'ढिक-चिक, ढिक-चिक' करत राहिला. दुसऱ्या कडव्याला ग्रेसी आंटी गेली. मग बाकीचे, एकेक करून, गाण्याची वही बाकावर टाकून. चर्चमध्ये दीडशे माणसं. मंडळात उरलो मी, ढिक-चिक, आणि बाकाच्या टोकाला बसलेली मिनी.

मी नेट लावून गात राहिलो. आणि मग माझ्याही पोटात कोणीतरी फर्निचर हलवायला सुरुवात केली. मी माईक बाकावर ठेवला. पहिली दहा पावलं मी अत्यंत प्रतिष्ठेने टाकली. पुढच्यांबद्दल बोलायला नको.

मागच्या बाजूला पुरुषांसाठी तीन संडास. एकावर 'नादुरुस्त' अशी पाटी, दोन बंद. मी एकाचं दार ठोठावलं.

"कोण?" आतून बावतीस अंकलचा आवाज.

"मी, रॉबी!"

"तू पण?"

"अंकल, यल्ला! लवकर!"

"इन्शाल्ला, पाच मिनिटं," अंकल क्षीण आवाजात म्हणाले.

त्या पाच मिनिटांचं वर्णन मी करणार नाही. शेजारचं दार आधी उघडलं, एवढंच सांगतो. आत बसल्यावर मला भिंतीवरच्या स्पीकरमधून मिस्सा ऐकू येत होती. ढिक-चिक अजून चालूच होतं. कम्युनियनची वेळ झाली. आता गाणार कोण? मी डोकं हातात धरलं. आणि अचानक ते ढिक-चिक थांबलं. कोणीतरी ते बंद केलं होतं. मग एक बारीक, थोडासा थरथरणारा आवाज आला. एकटाच. कशाची साथ नाही.

मिनी गात होती. घरी माझ्या प्रत्येक प्रश्नाला इंग्लिशमध्ये उत्तर देणारी पोरगी अख्खं मराठी गाणं, पाचही कडवी, एक शब्द न चुकता गात होती. ती ते कधी शिकली, कुठे शिकली, मला पत्ता नव्हता. मी तिथे बसून रडलो. (जगात रडायला याहून वाईट जागा नसेल, पण कागद मुबलक होता.)

बाहेर आलो तर ती कॉरिडॉरमध्ये उभी. हातात माझा फोन आणि सगळ्यांच्या वह्या.

"पपा, आय ट्राइड टू टेल यू," ती म्हणाली. "आय डिडंट वेस्ट द मेडिसिन. ममा सेज डोन्ट वेस्ट. सो आय पुट इट इन द पिंक बॉटल. एव्हरी डे."

या क्षणी एखाद्या बापाने काय केलं असतं? तिला जवळ घेतलं असतं, इतकं छान गायलीस म्हणाला असता. मी काय केलं ते सांगतो. आवारात लोक जमले होते, पांढऱ्याफटक चेहऱ्याचं गायक मंडळ एका भिंतीला टेकून उभं होतं, आणि फादर विचारत होते, "रॉबर्ट, आज मंडळाला झालं तरी काय?" आणि मी मोठ्याने म्हणालो, "फादर, माझी काही चूक नाही! मिनीला आठवडाभर चेक-आऊट होत नाहीये, तिचं औषध तिने सरबतात ओतलं!"

"चेक-आऊट म्हणजे?" फादरनी विचारलं.

आणि मी समजावून सांगितलं.

सगळं आवार हसलं. वाईट हेतूने नाही, माणसं चांगली आहेत. कोणीतरी मिनीचा गाल ओढला. तिने हातातल्या सहा वह्या माझ्या हातात दिल्या, एकावर एक नीट रचून, आणि घराच्या दिशेने चालू लागली. आमच्या मजल्यावर लिफ्ट उघडली तशी ती आमच्या दाराकडे वळलीच नाही. समोरची बेल दाबली आणि खानमच्या घरात शिरली.

मी मागोमाग गेलो. मिनी बाथरूममध्ये, आतून कडी. खानम दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. मी त्यांना मिस्सेची सगळी कथा सांगितली. पातेलं, अख्खी पुडी, पंधरा आलुबुखार, दुसरी खेप. खानमचा चेहरा उतरत गेला.

"पूरा पुड़ी?" त्या म्हणाल्या. "शुक्र ख़ुदा का, बच्ची ने पिया नहीं."

"पण खानम, आता करायचं काय? नौ दिन हो गया!"

"कौन बोला नौ दिन?" खानम म्हणाल्या. "पाँच दिन से रोज़ होता है. दोपहर को, खाने के बाद. मैं सब्ज़ी-पुलाव खिलाती है, दो भिगोया हुआ आलूबुखारा देती है, बस. फिर वो अंदर बैठती है, मैं बाहर सब्ज़ी काटती है. मैं कुछ पूछती नहीं. वो अंदर गाना गाती है. बहुत अच्छा गाती है. कौन सा ज़बान है मालूम नहीं."

मी मटकन खाली बसलो. नेमका त्या छोट्या स्टूलवर.

"मग तिने मला का नाही सांगितलं? तुम्ही का नाही सांगितलं?"

"उसने मेरे से क़सम लिया. तुम बोला था न, हो गया तो सबको मिठाई बाँटेगा? पूरा बिल्डिंग को? बच्ची डर गया. वो बोली, खानम, पपा को मालूम पड़ेगा तो पपा सबको बोलेगा." खानमनी सुस्कारा सोडला. "आगा रॉबर्ट, मैं उस दिन सबसे बड़ा दवा बता रही थी. पूछना नहीं, डाँटना नहीं, किसी को बोलना नहीं. तुम फ़ोन पे था. बच्ची का पेट बंद नहीं है. तुम्हारा मुँह खुला है."

"याला काही औषध आहे का तुमच्यात?" मी विचारलं. गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून.

खानमनी खरंच विचार केला. "बच्चे के लिए होता तो देती," त्या म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

मी बंद दारासमोर त्या स्टूलवर बसून राहिलो. माझी उंची पाच फूट अकरा, स्टूल वीतभर. 'झालं का' हे शब्द तोंडापर्यंत आले होते, ते गिळले. हॉटेलात वेडेवाकडे गेस्ट शांत केलेला माणूस मी. 'वी सिन्सिअरली अपॉलोजाइज फॉर द इनकन्व्हिनियन्स' हे वाक्य मला झोपेतही येतं. त्या दारासमोर ते उपयोगाचं नव्हतं.

"मिनी," शेवटी म्हणालो. "पपा चुकला."

आतून आलं, "यू टोल्ड फादर."

"हो."

"यू टोल्ड लिझा आंटी. यू टोल्ड जाधव अंकल. जाधव अंकल डझंट इव्हन नो मी, पपा."

"हो."

"यू टोल्ड द लिफ्ट."

"लिफ्टला नाही गं, लिफ्टमधल्या माणसांना," मी म्हणालो, आणि ते वाक्य ऐकून माझी मलाच लाज वाटली. इतके दिवस मी तिच्या पोटाची काळजी करत होतो असं मला वाटत होतं. खरं तर मला एक गोष्ट मिळाली होती, आणि ती सांगायची हौस मला आवरत नव्हती. ती गोष्ट कोणाची आहे, हे मी पाहिलंच नव्हतं.

कडी निघाली. मिनी बाहेर आली, हात धुतलेले, डोळे लाल.

"डोन्ट टेल ममा," ती म्हणाली.

"नाही सांगणार. कोणालाच नाही."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस. आणि मिनी, तू फार सुंदर गायलीस."

"आय नो," ती म्हणाली. "द रिदम वॉज डिस्टर्बिंग, सो आय स्विच्ड इट ऑफ."

दुसऱ्या दिवशी फिलू आली. टॅक्सीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "काय रे, कसे गेले दहा दिवस? तिचं पोट वगैरे ठीक होतं ना?"

मागच्या सीटवर मध्ये बसलेल्या मिनीने पुढे पाहत राहून माझा हात धरला.

"ठीक," मी म्हणालो.

एअरपोर्ट ते करामा म्हणजे पंधरा मिनिटं. माझ्या आत ती सगळी कथा दाटून आली होती. ढिक-चिक, अंकल, इन्शाल्ला पाच मिनिटं! घशाशी यायची, मी ओठ आवळून आत ढकलायचो. घाम फुटला, पाय हलायला लागले, मी सीटवर या बाजूचा त्या बाजूला होऊ लागलो. फिलू काळजीने म्हणाली, "रॉबी, तुझं पोट बरं आहे ना?"

मिनी खिडकीकडे तोंड करून खुदकन हसली. मी घरापर्यंत टिकलो. फिलूला ते सगळं आठवडाभराने ग्रेसी आंटीकडून कळलं, पण माझ्याकडून नाही! आयुष्यात मी एवढं एकच गुपित पाळलंय, आणि तेही दीडशे माणसांना आधीच ठाऊक असलेलं.

मिनी आता दहा वर्षांची आहे. हे लिहू का, म्हणून मी तिला विचारलं. तिने दोन दिवस विचार केला. मग मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिने माझी दोन-तीन वाक्यं सुधारली, स्वतःचं नाव बदलून घेतलं आणि म्हणाली, "ओके, पपा. छापून येऊ दे. बट डोन्ट गो अराउंड रीडिंग इट टू पीपल."

मी तिला शब्द दिला. ही गोष्ट गुरुवारची. आज रविवार, आणि आतापर्यंत मी हे फक्त तिघांना वाचून दाखवलंय. एसी साफ करायला आलेला माणूस धरला तर चार. पण तो केरळचा, त्याला मराठी येत नाही. त्याला सगळं हिंदीत समजावून सांगावं लागलं.